मनुष्याची चाहूल

गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या वाटेवर नागरा हें गांव आहे. तेथील पुरातन शिवमंदिरामुळें त्याचें नांव दूरदूरच्या लोकांस ठाऊक आहे. परंतु आमच्या ह्या लेखाचा विषय त्या भागांतील धानाच्या बांध्यांतून निघाला आहे. गेल्या पावसाळ्यांत, रोवणी आटोपल्यावर, आम्ही नागरा येथील एका वृद्ध शेतकऱ्याच्या भेटीस गेलों होतों. चहापाणी झाल्यावर बाबा आम्हांस आपल्या जांवयाच्या शेतावर घेऊन गेले. तें शेत गांवापासून बरेंच दूर, नदीच्या बाजूस होतें. तेथें एका बांधीच्या मधोमध, गवत व धानाच्या काड्या ह्यांच्या ढिगावर, एक सारस अंडीं उबवीत बसला होता व त्याचा जोडीदार थोड्या अंतरावर चरत होता. जांवई त्याच बांधीच्या दुसऱ्या टोकास वांकून निंदण करीत होता. घरट्यापासून तो चाळीस पावलांवर असेल. पक्ष्यानें त्याच्याकडे मानहि वळविली नाहीं.

आम्ही धुऱ्यावर उभे राहून तें पाहत होतों. उभें राहिल्यास मनुष्याच्या उंचीचें भरेल एवढें मोठें पांखरूं इतक्या जवळून आम्हीं पूर्वीं पाहिलें नव्हतें. मंडळींतील मुलांस दाखवावें म्हणून आम्हीं खिशांतून फोन काढला, व छायाचित्र नीट यावें म्हणून चार पावलें पुढें टाकलीं. त्याच क्षणीं बसलेल्या पक्ष्याची मान ताठ झाली. तो उठला, घरट्यावरून उतरला व पाण्यांतून चालूं लागला. दुसऱ्यानें मोठ्यानें हांक दिली. दोन अंडीं उघड्या आकाशाखालीं पडून राहिलीं, आणि पलीकडच्या बाभळीवरून दोन कावळे उठले.

बाबांनीं आमचा हात धरून आम्हांस मागें ओढलें. आम्हीं विचारिलें, "बाबा, तुमचे जांवई तर ह्याहून जवळ आहेत, त्यांना पाहून तो कसा उठला नाहीं?" बाबा म्हणाले, "साहेब, तो आपलं काम करतो. तुम्ही त्याच्याकडे पाहतां."

आम्ही तीन बांध्या मागें जाऊन एका मोहाच्या झाडाआड बसलों. पक्षी परत अंड्यांवर येईपर्यंतचा वेळ आम्हांस फार लांब वाटला. कावळ्यांचें त्या दिवशीं साधलें नाहीं, ह्यांत आमचें कांहीं पुण्य नव्हतें.

घरीं परततांना जो प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें. आमचा हात त्या अंड्यांस लागला नाहीं. आम्हीं दगड मारिला नाहीं, ओरडलों नाहीं. मनांत वाईट हेतु तर नव्हताच, उलट प्रेम व कौतुकच होतें. तरीहि तीं अंडीं गेलीं असतीं तर तीं कोणामुळें गेलीं असतीं? मनुष्य आपल्या अपराधांचा हिशेब करूं लागला म्हणजे विचार, शब्द आणि कृति ह्या तीन सदरांखालीं तो मांडतो. केवळ आपलें असणें, उभें राहणें, पाहणें ह्यांचें सदर त्याच्या वहींत नसतें. तें असावें कीं काय, हा प्रश्न आहे.

प्रथम ह्या गोष्टीचा विस्तार किती मोठा आहे तें पाहूं. २०१८ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत कांहीं विद्वानांनीं निरनिराळ्या सहा खंडांतील ७६ अभ्यास एकत्र करून ६२ जातींच्या सस्तन पशूंचा विचार केला. त्यांस असें आढळून आलें कीं, मनुष्याचा वावर जेथें अधिक, तेथें पशु रात्रीं अधिक हिंडूं-फिरूं लागतात; त्यांचा रात्रीचा वावर सुमारें १.३६ पट होतो. म्हणजे जो पशु एरवीं आपलें काम दिवसा व रात्रीं निम्मेनिम्म करीत असेल, तो मनुष्याच्या शेजारीं ६८ टक्के काम रात्रीं उरकूं लागतो. ह्यांतील विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, शिकारी आला काय आणि नुसता फिरावयास आलेला मनुष्य आला काय, पशूंचें वागणें बहुतेक सारखेंच बदललें. त्यांस आमच्या हेतूशीं कर्तव्य नाहीं. आमची चाहूल त्यांस पुरते.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग ह्याहून आश्चर्याचा आहे. दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगरच्या अरण्यांत पाणवठ्यांजवळ यंत्रें ठेवून कधीं सिंहाचा आवाज, कधीं कुत्र्यांचें भुंकणें व बंदुकीचे बार, तर कधीं मनुष्यांचें साधें, शांत बोलणें ऐकविण्यांत आलें. सिंह हा त्या रानांतील मोठा मारेकरी. असें असतां तेथील ९५ टक्के जातींचीं जनावरें सिंहापेक्षां मनुष्याच्या बोलण्यानें अधिक पळालीं किंवा पाणी सोडून अधिक लवकर निघून गेलीं. सिंहाचा आवाज ऐकून हत्ती त्या यंत्रावर चालून गेले. मनुष्याचा आवाज ऐकून तेच हत्ती पळाले.

उलट बाजूचाहि पुरावा आहे. २०२० सालीं महामारीमुळें जगभर टाळेबंदी झाली व मनुष्य घरांत बसला. ज्या पशूंच्या गळ्यांत त्यांचा मार्ग टिपणारीं यंत्रें आधींच बांधलेलीं होतीं अशा ४३ जातींच्या २,३०० पशूंचा हिशेब पुढें मांडण्यांत आला. जेथें टाळेबंदी कडक होती तेथें हे पशु दहा दिवसांत पूर्वीच्या मानानें ७३ टक्के अधिक लांब फिरले, आणि मनुष्याचा वावर जेथें दाट तेथें पशु रस्त्यांच्या ३६ टक्के अधिक जवळ आले. आम्ही बाजूस झालों तोंच त्यांनीं आपली जागा परत घेतली. त्यावरून दिसतें कीं, आम्ही ज्यास पशूंचा स्वभाव म्हणतों त्यांतील बराच भाग आमच्याच सावलींत घडलेला असतो.

आतां हें भय आलें कोठून? चार्ल्स डार्विन १८३५ सालीं गालापागोस बेटांवर गेला, तेव्हां मनुष्याचा फारसा परिचय नसलेले तेथील पक्षी इतके निर्भय होते कीं, त्यानें बंदुकीच्या नळीनें एका ससाण्यास फांदीवरून ढकललें. तेथें मनुष्य नवा होता, म्हणून भयहि नव्हतें. उत्पत्तीच्या पुस्तकांतहि जलप्रलय झाल्यानंतरच पशुपक्ष्यांवर मनुष्याचा धाक बसेल असें सांगितलें आहे. एदेन बागेच्या वर्णनांत त्याचा उल्लेख नाहीं. कित्येक जण ह्या धाकास मनुष्यास मिळालेला मान समजतात. आम्हांस तो मान वाटत नाहीं. गांवांतील लेंकरें एखाद्या गृहस्थास पाहून घरांत पळत असतील, तर त्यांत त्या गृहस्थाचा मान नसतो. तीं त्याच्या पूर्वीच्या वागणुकीची साक्ष देत असतात. त्याचप्रमाणें रानांतील हरणाच्या पळण्यांत आमच्या बापजाद्यांची वागणूक लिहिलेली आहे. आम्ही नवे, आमचे हात रिकामे. परंतु कर्ज वडिलोपार्जित आहे आणि तें आमच्या नांवावर चढलेलें आहे.

कोणी म्हणेल, "भय वाईट आहे ना? मग प्रेमानें तें घालवूं या. पशूंस खाऊं घालूं, जवळ करूं." हा विचार सज्जनांचा आहे, म्हणूनच त्याची नीट परीक्षा केली पाहिजे. उत्तरप्रदेशांतील अमेठी जिल्ह्यांत २०२२ सालीं एका शेतकऱ्यास शेतांत जखमी सारस सांपडला. त्यानें त्याची शुश्रूषा केली. पक्षी बरा झाला, पण उडून गेला नाहीं. तो त्या मनुष्याच्या ताटांत जेवूं लागला व त्याच्या मोटारसायकलीमागें मैलोगणती उडूं लागला. तीं चित्रें देशभर पाहिलीं गेलीं व लोकांचे डोळे भरून आले. पुढें मार्च २०२३ मध्यें वनखात्यानें त्या पक्ष्यास रायबरेलीकडील समसपूरच्या अभयारण्यांत नेलें. तेथून तो पुन्हा मनुष्यवस्तींत शिरला, व शेवटीं कानपूरच्या प्राणिसंग्रहालयांत त्याची रवानगी झाली. जखमी जीवाची सेवा करणाऱ्या त्या मनुष्यास आम्ही दोष देत नाहीं. वाटेवर पडलेल्यास उचलणें हें केव्हांहि चांगलेंच. तरी परिणाम काय झाला तो पाहावा. तो सारस सारसांत राहिला नाहीं व मनुष्यांतहि त्यास ठिकाण मिळालें नाहीं. घाटरस्त्यांवर व तीर्थस्थानीं फुटाणे घालून आम्ही माकडांस आज ओळखीचे करतों; उद्यां तीं पिशवी ओढतात, मुलांस चावतात, आणि मग आम्हीच पिंजरेवाल्यास बोलावतों. भयानें जसें पशूचें जीवन मोडतें तसें लाडानेंहि मोडतें.

ह्यांत आणखी एक अन्याय दडलेला आहे, तो आमच्या खेड्यांतील लोकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण आपल्या पांच बछड्यांसह रस्त्यावर आली असतां प्रवाशांच्या गाड्यांनीं तिला दोहों बाजूंनीं अडविलें. प्रकरण इतकें गाजलें कीं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन त्याची दखल घेतली. गाड्यांतील लोक कांहीं दुष्ट नसतील. त्यांस वाघ पाहावयाचा होता एवढेंच. दुसरी हकीकत मे २०२५ मधील आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ते वाघ निराळे व तीं रानेंहि निराळीं. तरी दोन्ही एकापुढें एक ठेवल्या म्हणजे मन अस्वस्थ होतें. मनुष्य जवळ आला तरी हरकत नाहीं, ही संवय वाघास गाडींत बसलेला मनुष्य लावतो; त्याच वाघाची गांठ पुढें पायीं चालणाऱ्या बाईशीं पडते. संवय लावणारा एक, आणि तिचें मोल देणारा दुसरा. आमच्या जिल्ह्यांत नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ सालीं झाला आहे, व मे २०२३ मध्यें तेथें बाहेरून दोन वाघिणी आणून सोडण्यांत आल्या. तेव्हां हा प्रश्न आमच्या दारापासून दूर नाहीं.

येथें कोणी रागानें विचारील, "ज्या घरांतील माणूस वाघानें नेला त्या घरास तुम्ही वाघाच्या सुखदुःखाचें काय सांगतां?" त्या घरीं जाऊन आम्ही कांहींहि सांगणार नाहीं. तेथें नुकसानभरपाई वेळेवर मिळवून देणें व आईवांचून राहिलेल्या लेंकरांस सांभाळणें हेंच काम आहे. परंतु पुढचीं घरें वांचावीं अशी ज्यास इच्छा आहे त्यानें पशु कसा वागतो व तो तसा कां वागतो हें शिकलेंच पाहिजे. मनुष्याच्या वावरामुळें पशु दिवस सोडून रात्रीकडे सरकतो, हें वर सांगितलेंच आहे. मग झुंजुरकाचा व सांजवेळेचा प्रहर हा दोघांच्या गांठीचा प्रहर होतो, आणि मोहफुलें वेंचावयास बाई नेमकी झुंजुरकाच जाते. एकटें न जाणें, बोलत जाणें, उजाडल्यावर जाणें ह्यांत भित्रेपणा नाहीं. दुसऱ्याची वेळ ओळखून वागण्याचें तें शहाणपण आहे.

असें शेजारपण चालूं शकतें ह्याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांतील एका खोऱ्यांत रान नाहींच, उंसाचीं शेतें आहेत. तेथें आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरांत जवळजवळ पांच बिबटे तेथें राहत होते, आणि असें असतांहि त्या खोऱ्यांत बिबट्यानें मनुष्याचा जीव घेतल्याची नोंद तोंपर्यंत नव्हती. बिबटे रात्रीं वस्तीजवळून जात, शेतकरी दिवसा शेतांत राबत. ह्याच्या उलट, जुन्नर भागांत २००१ ते २००३ ह्या काळांत पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याचें प्रमाण वाढलें, आणि मनुष्यांवरील हल्लेहि वाढले. प्रत्येक ठिकाणीं व प्रत्येक वर्षीं अकोल्यासारखेंच होईल असें मात्र कोणी समजूं नये. पुणें जिल्ह्यांतील उंसाच्या पट्ट्यांत त्यानंतरहि माणसें गेलीं आहेत. तरी एवढें खरें कीं, ओळखीच्या जागीं, ओळखीच्या वेळीं राहणारा शेजारी हा पकडून आणलेल्या घाबरलेल्या परक्यापेक्षां बरा. मग तो पशु असो कीं मनुष्य.

आतां पुन्हा त्या बांधीकडे वळूं. आमच्या मतें भय आणि लाड ह्या दोहोंहून निराळी अशी तिसरी स्थिति आहे, आणि ती त्या निंदण करणाऱ्या मनुष्याच्या ठायीं आम्हीं पाहिली. सारस त्यास भीत नव्हता व त्याच्याजवळ येतहि नव्हता. तो त्याची दखलच घेत नव्हता. कोणी म्हणेल हें तर काहींच नाहीं. पण आम्हांस तें फार मोठें वाटतें. एका जीवाच्या नजरेसमोर दुसऱ्या जीवानें आपलें काम न थांबवितां करावें, अंडीं उबवावीं, पिल्लांस चारावें, ह्याहून अधिक मोठें अभय कोणतें? आणि तें एका दिवसांत मिळालेलें नाहीं. तीच वाट, तीच वेळ, तेंच वांकणें, तीच आपल्या कामावर लागलेली दृष्टि, आणि कापणीच्या वेळीं घरट्याभोंवतींचा धानाचा तुकडा तसाच सोडण्याची रीत, ह्यांतून तें पिढ्यान्‌पिढ्या जमत आलें आहे. पशूंशीं वचन बोलून देतां येत नाहीं. तें वागूनच द्यावें लागतें.

असें वचन मोडणेंहि सोपें आहे. शेतकऱ्यानें मिळविलेल्या विश्वासाचा लाभ अंडीं पळविणारा घेतो, कारण पक्ष्यास दोघांची पावलें कधीं कधीं सारखींच वाटतात. महाराष्ट्रांतील जवळजवळ सर्व सारस आज गोंदिया जिल्ह्यांत व त्याच्या आसपास उरले आहेत, आणि गेल्या कांहीं वर्षांच्या मोजणींत जिल्ह्यांतील त्यांची संख्या पन्नाशीहि गांठीत नाहीं. विजेच्या तारा, शेतांतील विषारी औषधें, बुजत चाललेले माजी मालगुजारी तलाव व बोड्या, हीं त्यांच्या नाशाचीं कारणें आहेतच. दर उन्हाळ्यांत वनखातें व गांवोगांवचे स्वयंसेवक पहांटे उठून त्यांची मोजणी करतात. पावसाळ्यांत शेतकरी घरट्यांवर नजर ठेवतात. इतक्या थोड्या पक्ष्यांत एका घरट्याचें मोल काय, हें निराळें सांगावयास नको. म्हणूनच आमचीं तीं चार पावलें आम्हांस अजून बोंचतात.

मग पाहूंच नये काय? मुलांस रान दाखवूंच नये काय? अवश्य दाखवावें. जें कधीं पाहिलें नाहीं त्यावर मनुष्य प्रेम करीत नाहीं. परंतु किती अंतरावरून पाहावें हें ठरविण्याचा अधिकार आमचा नसून त्या पशूचा आहे. त्याची मान उचलली गेली, त्याचें चरणें थांबलें, म्हणजे त्यानें "नको" असें म्हटलें. तें ऐकून जो मागें सरतो तोच खरा पाहणारा. जो "थोडेंच पुढें जाऊं" म्हणतो, तो आपल्या कौतुकासाठीं दुसऱ्याचें घर मोडतो. आम्हीं आरंभीं जो प्रश्न घातला त्याचें आमच्यापुरतें उत्तर हें कीं, होय, मनुष्य आपल्या कृतीस जसा जबाबदार आहे तसा आपल्या उपस्थितीसहि जबाबदार आहे. ह्या जगांत नुसतें उभें राहणें अशी गोष्ट नाहीं. आम्ही जेथें उभे राहतों तेथें कोणाची तरी मान ताठ होते.

ही गोष्ट रानापुरतीच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. गरिबाच्या झोंपडींत आम्ही अकस्मात् शिरतों तेव्हां मुलें गप्प होतात, बाई चुलीवरचें भांडें झांकते, घरधनी घाईनें सदरा चढवितो. आम्ही बरें करावयास गेलेलों असतों. पण तेवढ्या वेळांत त्या घराचें नेहमींचें जीवन थांबलेलें असतें. आमच्यासारख्या पाळकांनीं तर ह्याचा फार विचार केला पाहिजे. ज्याच्या येण्यानें कोणास आपलें काम टाकून उठावें लागत नाहीं, तो त्या घरचा झाला असें समजावें. बाबांच्या एका वाक्यानें आम्हांस जें शिकविलें तें बऱ्याच मोठ्या ग्रंथांतूनहि आमच्या लक्षांत आलें नव्हतें.

कार्तिकांत बाबांचा निरोप आला. धान कापून झाला आहे; जांवयानें घरट्याभोंवतींचा तुकडा शेवटपर्यंत राखला; दोन अंड्यांपैकीं एक फुटलें, आणि आतां एक पिल्लूं आईबापांच्या मागें रिकाम्या बांध्यांतून चालतें आहे; येऊन पाहून जावें. आम्हीं निरोप पाठविला कीं, बाबा, तुम्हीं पाहिलें त्यांत आम्हीं पाहिलें. बाबांस तें उत्तर आवडलें असें मागाहून कळलें.